तीन आठवड्यांची पाहुणी

विमल,

तुला पोचवलं त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेली बाई माझ्यापेक्षा जास्त रडत होती. बेळगावजवळच्या हिंडलग्याची होती. तिची दोन्ही बाळंतपणं तुझ्या हातून झाली म्हणे. “आमची सिस्टर गेली हो, आमची सिस्टर,” म्हणून ती ऊर बडवत होती आणि मी कोरड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत बसले होते. वाटत होतं, हिला सांगावं, बाई, तुझी सिस्टर ती तुझ्या बाळंतपणापुरती. माझी विमी चालायला लागल्यापासूनची. जरा सरकून बस.

तू हे ऐकलं असतंस तर हसली असतीस. “जळकी हैस शाले तू, पयल्यापासनं जळकी,” म्हणून माझ्या दंडाला चिमटा काढला असतास. आहेच मी जळकी. तुझ्यापासून कधी लपवलं नाही, तर आता कशाला लपवू?

जलदान विधी झाला, पाव्हणे-रावळे आपापल्या गावाला गेले. बायका पुन्हा विड्यांची सुपं मांडीवर घेऊन दारात बसायला लागल्या आहेत. बालवाडी सुटली की मी खोलीला कडी लावत नाही, इथंच बसते. आज कागद घेऊन बसले. तुला लिहायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची हा प्रश्नच नाही. आपलं सगळं भांडण जिथून सुरू झालं, तिथूनच.

त्याच्या आधी आपल्यात काय होतं ते आठव. शाळेतून आलं की तू तुझं सूप घेऊन आमच्या अंगणात यायचीस. आपण पाठीला पाठ लावून बसायचो, म्हणजे दोघींनाही टेकायला मिळायचं. तू पानं कापायचीस, मी तंबाखू भरून वळायचे, दोरा दोघीही गुंडाळायचो. तोंडानं सारखी बडबड. तू हसलीस की माझी पाठ हलायची. आई म्हणायची, “ह्या दोघींची एकच पाठ केली असती तर एक लुगडं वाचलं असतं.” एसएसएलसीला आपण दोघी बसलो, दोघी पास झालो. वस्तीतल्या पहिल्या पोरी. इंग्रजीत मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते. हे मी तुला मरेपर्यंत ऐकवलं आणि मेल्यावरही ऐकवतेय.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, सुगी संपली तेव्हा, बेळगावच्या चर्चमधले पाळकसाहेब वस्तीत आले. परदेशातून त्यांच्या चर्चची माणसं येणार आहेत, तीन आठवडे राहतील, स्वतःच्या हातानं एक खोली बांधून देतील, बरोबर नर्स आहे, औषधं देतील, असं त्यांनी सांगितलं. समाजमंदिरात बैठक झाली. माझा बा म्हणाला, “फुकट कोण कुणाला खोली बांधून देतंय? आज खोली देतील, उद्या धर्म मागतील. आम्ही एकदा धर्म बदललाय, तो आता शेवटचा.”

तुझे आप्पा मात्र शांतपणे म्हणाले, “साहेब, खोली बांधा. आमची पोरं उन्हात बसत्यात. पर प्रार्थना तुमची तुमच्यापाशी, वंदना आमची आमच्यापाशी. चालतंय?”

“चालतंय,” पाळकसाहेब म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पाळला, हे मी आजही मान्य करते.

मग ती माणसं आली. मेटाडोरमधून उतरली तेव्हा सगळी वस्ती रस्त्याला उभी होती. लालबुंद चेहरे, डोक्यावर टोप्या, गळ्यात कॅमेरे. आपल्या पोरांनी त्यांच्या दंडावरचे सोनेरी केस ओढून बघितले. निपाणीच्या शाळेत त्यांची उतरायची सोय होती, पण दिवसभर ती आपल्यातच असायची. मांडी घालून बसता यायचं नाही त्यांना. विटा वाहताना हाताला फोड आले की एकमेकांना दाखवून हसायची. मला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडला होता. विटा वाहायला एवढे पैसे घालून एवढ्या लांब यायचं? विटा वाहणारी माणसं आमच्यात काय कमी होती? पण हा प्रश्न इंग्रजीत विचारायचा तर तोंड उघडायला पाहिजे, आणि तेच माझ्याच्यानं होत नव्हतं. मनात सगळं वाक्य तयार असायचं, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. ओठापर्यंत आलं की जीभ लाकडाची व्हायची.

तू मात्र कुणाची वाट बघितली नाहीस. सरळ पुढं गेलीस आणि म्हणालीस, “कम, कम. नो फिअर. डॉग नो बाइट.”

सगळे हसले. त्यातली एक पोरगी, आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, ठिपक्याठिपक्यांच्या तोंडाची, तुझा हात धरून म्हणाली, “आय ॲम रूथ.”

त्या हातातून तुझा हात पुन्हा कधी सुटला, मला माहीत नाही. तुझं म्हणणं होतं, सुटला. माझं म्हणणं होतं, नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू त्यांची दुभाषी. रूथ नर्स होती. समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल मांडून ती बायकांना तपासायची आणि तू मध्ये उभी. “पोटात आग पडत्या बघ,” असं माझी आई सांगायची, आणि तू म्हणायचीस, “मदर स्टमक फायर.” मी लांब माझ्या अंगणात सूप घेऊन बसलेली. पाठीला कोणी नव्हतं. भिंतीला टेकून बसले तर पाठीला चुना लागायचा. मी तिथून तुझ्या चुका मोजत होते. ‘शी गो’ नाही गं, ‘शी गोज’. ‘टू चिल्ड्रन’, ‘टू चाइल्ड’ नाही. तू चुकत होतीस आणि सगळ्यांना सगळं कळत होतं.

फोटोचा दिवस आठवतो? त्यांच्यातला तो उंच माणूस फिरत फिरत आमच्या दारात आला. आई विड्या वळत होती, अंगावर फाटकं लुगडं, केस विस्कटलेले, आणि वहिनीचा थोरला नागडा, नाकातून शेंबूड गळतोय. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. आई ओरडली, “अगं बया, थांब म्हणा त्याला! लुगडं तरी बदलतो!” तो हसला आणि त्यानं चाप दाबला. त्याला वाटलं असेल, म्हातारी लाजली.

तू ओट्यावरून पळत आलीस. कॅमेऱ्यापुढं हात आडवा करून उभी राहिलीस. “नो! फर्स्ट बाथ, फर्स्ट साडी, देन फोटो. युवर मदर फोटो, यू टेक लाइक धिस?”

ते वाक्य व्याकरणात कुठंच बसत नव्हतं. तो माणूस पांढराफटक पडला. रूथ तुझ्या मागं येऊन उभी होती, तिनं तोंडावर हात धरला आणि मग त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी भरभर सुनावलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीचा फोटो निघाला. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली, पोरांना तेल-पावडर झाली, माझा बा कोट घालून आला. त्या लोकांनाही तू दटावून सदरे खोचायला लावलेस. माझ्या आईला इतकं ताठ बसलेलं मी त्या दिवसाआधी बघितलं नव्हतं. विमे, तू माझ्या आईसाठी भांडलीस. मला तुझा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. आणि फोटोसाठी उभं राहायची वेळ आली तेव्हा तू रूथच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस. सगळा अभिमान तिथल्या तिथं जळून गेला.

पण खरी आग लागली ती ओढ्यावर. जांभळाखालचा तो सपाट दगड आपला होता. आपल्या दोघींखेरीज तिथं कोणी बसत नव्हतं. माझं लग्न ठरवायला पहिल्यांदा पाव्हणे आले तेव्हा मी तिथंच रडले होते आणि तू शेजारी बसून पाण्यात खडे टाकत होतीस. एका दुपारी धुणं घेऊन गेले तर तुम्ही दोघी तिथं, पाण्यात पाय सोडून. तिच्या खांद्यावर तुझा हात. मी तसंच धुणं घेऊन परत आले. संध्याकाळी तुला गाठलं.

“तिला तिथं कशाला नेलीस?”

“अगं, पाय भाजलं होतं तिचं. गार पाणी पायजे होतं.”

“गावात आड न्हाय व्हय?”

“हाय की. पर तिथं सगळी बघत्यात. तिला रडायचं होतं गं. तिचा भाऊ गेलाय औंदा. घरात कुणी रडू देत न्हाय म्हणं.”

भाऊ गेलेल्या पोरीचा राग करता येत नाही. तरी मी केला. तिला रडायला तू माझी जागा दिलीस, हे तेव्हापासून मनातून गेलं नाही. तू मात्र दुसऱ्याच गोष्टीनं भारावली होतीस. तू तिला विचारलं होतंस, आम्ही तुमच्या गावाला आलो तर काय बांधायचं? ती आधी हसली, मग म्हणाली, आमच्या गावात बांधायचं काही राहिलं नाही. माझी आजी एकटी राहते. तिच्याजवळ येऊन बसा.

“कळलं का शाले? त्येंच्यात बी माणसं एकटी असत्यात,” तू मला सांगत होतीस. मला एवढंच कळलं, की तू तिच्या आजीजवळ जाऊन बसायला तयार झाली आहेस आणि माझ्या अंगणात बसायला तुला वेळ नाही.

मग वहिनीचं झालं. ती दुसऱ्या खेपेला दिवसांत होती. सकाळपासून कळा येत होत्या, दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण म्हणाली, “माझ्या हातातलं न्हाय आता.” निपाणीच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर बाहेरगावी. पाळकसाहेबांनी मेटाडोर काढली. बेळगावच्या मिशन दवाखान्याकडं निघालो. मागच्या बाजूला गोधडीवर वहिनी, तिचं डोकं माझ्या मांडीवर, पायाशी रूथ आणि तू.

संकेश्वर मागं पडलं आणि वहिनीचा आवाजच बंद झाला. रूथनं बघितलं आणि गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला चिंचेखाली गाडी उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, म्हणून मला दिसलं. ती तुझ्याकडं वळून हळूच काहीतरी म्हणाली. तू मला नंतर सांगितलंस ती काय म्हणाली ते. तिनं हे एकटीनं कधी केलं नव्हतं. तिच्या देशातल्या दवाखान्यात नेहमी डॉक्टर असायचा.

तू तिच्या मनगटाला धरलंस. मराठीत म्हणालीस, “कर. मी हाय.” आणि ते तिला कळलं.

त्यानंतर तुम्ही दोघींनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. रूथ सांगायची, तू वहिनीला ओरडून सांगायचीस, वहिनी कळ द्यायची. पोर बाहेर आलं ते निळं. गळ्याभोवती नाळेचा फास. रूथनं बोटानं तो फास सोडवला, पोराचं तोंड पुसलं, तू त्याचे पाय धरलेस, तिनं पाठीवर चोळलं, पुन्हा चोळलं. आम्ही सगळे श्वास धरून. आणि मग ते पोर असं कोकललं, की पाळकसाहेब रस्त्यावर उभे होते ते खालीच बसले.

रूथ रडत होती, तू रडत होतीस. पोरीला कापडात गुंडाळून तू माझ्या हातात दिलीस. “धर, आत्याबाई.” वहिनी वाचली, पोर वाचली. माझं घर त्या दिवशी तुम्ही दोघींनी राखलं. त्याचं ऋण मी कधी नाकारलं नाही. पण त्या गाडीत, माझ्या वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर असताना, तुमच्या दोघींचे चार हात एकाच माणसाचे असल्यासारखे चालताना बघून मी जळले, तेही खरं होतं. दादानं पोरीचं नाव ठेवलं रुता. माझ्याच घरात रोज उठून मला तिचं नाव घ्यायची पाळी आणली.

ती माणसं जायच्या आधी पाळकसाहेब पुन्हा आप्पांकडं आणि माझ्या बापाकडं आले. दोन्ही पोरी शिकलेल्या आहेत, मिशन दवाखान्यात नर्सिंगला घालू, शिक्षणाचं आम्ही बघतो. आप्पा म्हणाले, “जा गं.” एवढंच. लोकांनी विचारलं तर म्हणाले, “दवाखान्याच्या दारात धर्म गळून पडतोय व्हय माणसाचा?”

माझा बा म्हणाला, “आमची पोरगी जायची न्हाय. तिचं ठरलंय.”

तू येऊन आमच्या उंबऱ्यात बसलीस. जेवायला उठली नाहीस, पाणी घेतलं नाहीस. “बा, हिला बी सोडा. हिला माझ्यापरास जास्त येतंय. मी एकटी कशी जाऊ?” बा तुझ्यावरून ओलांडून बाहेर गेला. दिवस मावळल्यावर मीच तुला उठवलं. “जा तू. मला काय त्या पांढऱ्या साड्या नेसायची हौस न्हाय,” असं म्हणाले. दोघींनाही माहीत होतं, मला किती हौस होती ते.

तू माझ्यासाठी थांबायला पाहिजे होतंस, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. बानं मला सोडलं असतं आणि आप्पांनी तुला अडवलं असतं, तर मीही बेळगावची गाडी धरली असती.

मला दिलं ते दोन गल्ल्या पलीकडं, तंबाखूच्या वखारीत कामाला असलेल्या माणसाला. माणूस चांगला मिळाला, तक्रार नाही. तू बेळगावात राहिलीस. महिन्या-दोन महिन्यांनी यायचीस, कडक इस्त्रीची साडी, छातीवर टाचलेलं उलटं घड्याळ, पिशवीत बेळगावची पावरोटी. एकदा निघताना दारात म्हणालीस, “येते गं शाले.” मी चपापले. येते? आपण जन्मभर ‘येतो’, ‘जातो’ म्हणत आलेल्या बायका. शाळेत बाईंनी छड्या मारून ‘येते’ शिकवलं ते मी कागदावर लिहायला शिकले, आत्ताही तसंच लिहितेय. पण तोंडानं म्हणायला नाही. तू माझ्या दारात, माझ्याशी, ‘येते’ म्हणालीस. मी म्हणाले, “व्हय बाईसाहेब, या.” तू रुसून गेलीस आणि पुढच्या खेपेला मुद्दाम दहादा ‘येतो, येतो’ करत राहिलीस.

बोलणं सगळं तिचंच. रूथ असं म्हणायची, रूथनं असं शिकवलं. नाताळच्या सुमाराला तिचं कार्ड यायचं, ते घेऊन तू मुद्दाम वस्तीत यायचीस. ‘पुढच्या वर्षी नक्की येते’ असं त्यात असायचं. सुरुवातीला तू त्यावर विश्वास ठेवून रजा राखून ठेवायचीस. एका वर्षी तर नवी चादर घेतलीस, तिच्यासाठी. ती आली नाही. तिचं लग्न झालं, मग मुलं झाली, मग आजी गेली. दरवर्षी कारण खरंच असायचं. तू ती चादर शेवटी माझ्या धाकट्याच्या बारशाला दिलीस. मी ती अजून वापरलेली नाही.

एकदा मी फटकन बोलले. “तीन आठवडं आली आणि गेली. फिरायला येत्यात तशी. तिच्या जल्माची ती एक सहल, आणि तू जल्मभर तिची वाट बघत बस.”

तुला राग आला नाही, ह्याचाच मला जास्त राग आला. तू म्हणालीस, “ती आली नसती तर मी आज कुठं असतो? तुझ्या पाठीला पाठ लावून विड्या वळत बसलो असतो.”

“मग वाईट काय होतं त्यात?” मी विचारलं.

त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून पाहिजे होतं, विमल.

पुढं सरकारी बालवाडी आली आणि त्यांनी बांधलेल्या त्याच खोलीत मी सेविका झाले. तुला केवढा आनंद. “बघ, तुझी शाळा रूथच्या विटांवर उभी हाय.” मी म्हणाले, “विटा तिनं वाहिल्या, पोरं मी सांभाळतो.” तू टाळी दिलीस. ह्या खोलीवरून आपलं शेवटचं भांडण झालं. मागच्या पावसात पत्रे गळायला लागले, पोरांना एका कोपऱ्यात गोळा करून बसवायला लागायचं. तू म्हणालीस, “रूथला लिहितो. त्येंच्या चर्चमधली माणसं पुन्हा येतील.” मी म्हणाले, पंचायतीकडून करून घेऊ, आपला हक्क आहे, पुन्हा परक्यापुढं हात पसरायचा नाही.

“हात पसरणं न्हाय गं हे. बोलावणं हाय.”

“पत्रे गळायला लागल्यावरच बोलावणं सुचलं व्हय?”

“आणि पंचायत कवा करणार? तुझी पोरं म्हातारी झाल्यावर?”

तू चिडून उठलीस, चहा अर्धा टाकून गेलीस. पुढच्या खेपेला पुरं भांडू म्हणून मी मनात मुद्दे जमवून ठेवले होते. पुढच्या खेपेला निरोप आला, कावीळ झालीय, अंगात मुरलीय.

दवाखान्यात मी तुझ्याजवळ राहिले ते दिवस मला मिळाले, हे माझं नशीब. पण तिथंही तू एकटी मला कुठं मिळालीस? सारखं कोणी ना कोणी. वॉर्डातल्या आया, डॉक्टर, कंग्राळीची एक म्हातारी रोज उसाचा रस घेऊन. त्या शिकाऊ नर्स पोरी तर तुझी उशी सरळ करायलाही मला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांतली एक, सविता, मला म्हणाली, “तुम्हीच शालनताई? सिस्टर आम्हाला सारखं तुमचं सांगायच्या. पेशंटला घाबरणाऱ्या मुलीला म्हणायच्या, माझी शालन बालवाडीत चाळीस पोरं एका आवाजात गप्प करते, तुला एक पेशंट आवरत नाही?”

मी तुझ्याकडं बघितलं. तू डोळे मिटून पडली होतीस, पिवळी, ओठाच्या कडेला हसू. माझ्याकडं येऊन तू रूथचं सांगायचीस आणि इथं येऊन ह्या पोरींना माझं. मला एकदाही सांगितलं नाहीस की तुला माझं काही वाटतं. ह्या परक्या पोरींना ते सगळं माहीत, आणि मला कुणाच्या तरी तोंडून कळतंय. मला त्या पोरींचाही हेवा वाटला. माझीच स्तुती, पण ती त्यांनी तुझ्या तोंडून ऐकली होती.

तुझं शेवटचं माझ्याशी बोलणं काही मोठं नव्हतं. मी तुझे केस विंचरत होते. तू म्हणालीस, “वडू नको गं, दुखतंय.” मी म्हणाले, “दोन बटा राहिल्यात, त्यांचं बी लाड करायचं व्हय?” तू हसलीस. मग मी डबा धुवायला नळावर गेले. परत आले तर सविता दारात उभी, रडत होती. तू गेली होतीस. तिच्या हातात तुझा हात होता म्हणे.

बघ, तेसुद्धा तिला मिळालं.

पाळकसाहेब आले. आता म्हातारे झालेत, काठी घेऊन. आप्पा भिंतीला धरून उभे होते. मला भीती होती ती इथं सांगते. इतकी वर्षं तू त्यांच्यात राहिलीस, सकाळच्या प्रार्थनेला उभी राहायचीस, त्यांची गाणी तुला पाठ होती. तू त्यांची झाली होतीस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. हो म्हणालीस तर काय, म्हणून विचारलं नाही. आता ते विचारतील, तिला आमच्या दफनभूमीत ठेवू का, आणि आप्पांना काय बोलावं ते सुचणार नाही.

पाळकसाहेबांनी आप्पांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, “घरी न्या लेकीला. ती तुमची आहे.”

दवाखान्याच्या मेट्रननं गाडी दिली. वस्तीत त्रिसरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले, आणि मग त्या नर्स पोरी लांब उभ्या राहून हळू आवाजात एक गाणं म्हणाल्या. बानं, माझ्या म्हाताऱ्या बानं, त्यांना पुढं बोलावलं. “हितं येऊन म्हणा. तिला ऐकू जाऊ दे.” ह्याच बानं तुला उंबऱ्यात ओलांडलं होतं. मला ते गाणं येत नव्हतं. ओठ नुसते हलवले.

आता एक काम राहिलं आहे. दवाखान्यातून निघताना मेट्रन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “रूथला कळवायला हवं. आम्ही कळवलं तर दवाखान्याचं पत्र होईल. तुम्ही लिहा.” तिचा पत्ता त्यांनी माझ्या हातात दिला. मी ‘हो’ म्हणाले.

रोज लिहायला बसते. इंग्रजी अडत नाही, वाक्यं तयार आहेत, सगळी शुद्ध. पण ते पाकीट तिथं पोचलं की ती रडायला लागणार. तिच्या मुलांना सांगणार, चर्चमध्ये उभी राहून सांगणार, आणि तुझ्यावर रडणारी आणखी एक गर्दी तिकडं, समुद्रापलीकडं, उभी राहणार. माझ्या वाटणीचं रडणं अजून पुरं झालेलं नाही गं. मी अजून रडलेच नाही.

लिहीन. तुझ्यासाठी लिहीन, तू तिला इतकं मानलंस म्हणून लिहीन, आणि वहिनीच्या रुतासाठीही. आज नाही. आज ती तिच्या गावी उठली असेल, चहा केला असेल, आणि औंदाच्या कार्डात विमलला काय लिहावं ह्याचा विचार करत असेल. तिच्यासाठी तू अजून बेळगावात आहेस, उलटं घड्याळ लावून वॉर्डातून फिरतेस. मी पत्र टाकेपर्यंत तू तिच्याजवळ जिवंत राहणार. माझ्याजवळ नाहीस.

ह्याचाही मला हेवा वाटतो, विमे.

तुझी,
शालन